नारिनचा मुका सर्व्हर

१

"सही करणार नाही," साइकाल म्हणाली. चौथ्यांदा.

टेबलावर टाइप केलेला एक कागद पडला होता. वर ठळक अक्षरांत 'खुलासा' आणि खाली पाच ओळी. मी, अभियंता साइकाल, शुक्रवारी नव्या सर्व्हरवर चुकीचं पॅकेज बसवलं. त्यामुळे डोंगरातल्या अकरा दवाखान्यांची लाइन बहात्तर मिनिटं बंद राहिली. चूक सर्वस्वी माझी. कागद तिच्या नावाने होता, पण त्यातला एकही शब्द तिने लिहिलेला नव्हता.

आमच्याकडच्या कचेऱ्यांची ही जुनी खोड. नळ फुटला, लिही खुलासा. फाइल हरवली, लिही खुलासा. काय झालं ते कुणाला जाणून घ्यायचं नसतं. एक सही मिळाली की सगळे हात झटकून जेवायला मोकळे.

"अगं पोरी, सही केलीस तर नुसती नोकरी जाईल," संचालक झामिर ओस्मोनोविच मऊ आवाजात म्हणाले. "नाही केलीस तर खटला होईल. त्या मेंढपाळाचा पाय गेलाय."

साइकालने पेनाला हात लावला नाही. सत्तावीस वर्षांची किडकिडीत मुलगी. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तिच्या तोंडावरच लिहिलं होतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून एर्केगुल हे सगळं पाहत होती. दळणवळण खात्याची तपासनीस. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, पायात जाड लोकरी मोजे. ती सोमवारी सकाळच्या गाडीने राजधानी बिश्केकहून घाट ओलांडून नारिनला पोहोचली होती. साहेबांनी निघतानाच बजावलं होतं, "खुलासा घ्यायचा आणि परतायचं. तिथे मुक्काम ठोकू नकोस."

पण चौथ्यांदा 'नाही' म्हणणारं माणूस एर्केगुलने कचेरीत कधी पाहिलं नव्हतं. ती स्वतः सव्वीस वर्षांची असताना टेलिफोन केंद्रातली तांब्याची केबल चोरीला गेली होती. तेव्हा असाच एक कागद पुढे आला आणि तिने गुपचूप सही केली. चोर कोण ते तिला ठाऊक होतं. त्या सहीची लाज तिला अजून वाटत असे.

"हा कागद टाइप कधी केला?" तिने विचारलं.

"शुक्रवारीच," संचालक म्हणाले. "सहाच्या सुमाराला."

"आणि लाइन सुरू झाली कधी?"

"सहा वाजून वीस मिनिटांनी."

"म्हणजे बिघाड सापडायच्या आधीच गुन्हेगार सापडला," एर्केगुल म्हणाली. "झामिर ओस्मोनोविच, जरा बाहेर बसता का?"

२

"मला काही कळत नाही असं समज आणि सांग," एर्केगुल साइकालला म्हणाली. "मी हाताने तारा जोडत वाढलेली बाई. शुक्रवारी तू काय केलंस?"

साइकालने कोऱ्या कागदावर एक रेघ मारली आणि तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत सांगू लागली.

"एजे, तारेतून जे पाकीट येतं ना, ते एरवी आधी सर्व्हरच्या मूळ प्रणालीकडे जातं. ती ते उघडते, शिक्का मारते, नक्कल काढते आणि मग आपल्या प्रोग्रामला देते. प्रत्येक पाकिटाला हेच सोपस्कार."

"आमच्या खात्यासारखं."

"अगदी तसंच!" साइकाल पहिल्यांदा हसली. "नवं पॅकेज मधली कचेरीच काढून टाकतं. नेटवर्क कार्ड सरळ आपल्या प्रोग्रामच्या हातात येतं आणि पाकीट तारेतून थेट त्याच्याकडे जातं. डॉक्टर शहरात बसून डोंगरातल्या पेशंटची जखम बघत असतो तेव्हा चित्र अडखळून चालत नाही. म्हणून तर हे सगळं."

"आणि ते पॅकेज तू बनवलंस?"

"नाही. तयार बांधलेलं मिळतं. इथे बसून बांधायला घेतलं तर दिवस जातो आणि शंभर ठिकाणी घोळ होतो. मी नुसतं बसवलं. त्याच्यापुरती मेमरी राखून ठेवली, दोन कार्डं त्याच्या हवाली केली, एक मूळ प्रणालीकडे ठेवलं. सर्व्हर दोनदा बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. दोन्ही वेळा मुकाट उठला. सकाळी अकरापासून पाच वाजेपर्यंत अकराही दवाखाने त्याच्यावर चालले, एजे. सहा तास!"

"पाच वाजता तू कुठे होतीस?"

"उलारबेकच्या घरी. त्याच्या बाळाला पाळण्यात घालायचं होतं, अख्खी कचेरी तिथेच. न जाऊन कसं चालेल? उलारबेक, म्हणजे इथला दुसरा अभियंता, माझ्याबरोबर काम करतो. पाच वाजून आठ मिनिटांनी लाइन गेली. पावणेसहाला त्याचा फोन वाजला, आम्ही दोघं धावत आलो. संचालकांनी त्याला आत घेतलं आणि मला दारातच अडवलं. किल्ली काढून घेतली. तेव्हापासून मी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

"आणि मेंढपाळ?"

थोरल्या पुरुषाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणत साइकाल खाली बघून बोलली. "ताबिल्दी बाइके. घोड्यासकट दरडीवरून पडले. कंपाउंडर शहरातल्या सर्जनला मांडीची जखम दाखवत होता, शीर कुठे बांधायची ते विचारत होता. मध्येच चित्र गेलं. माणूस वाचला, पाय नाही वाचला." तिने मान वर केली. "माझी चूक असती ना एजे, तर मी त्यांच्या दारात जाऊन पाय धरले असते. पण दुसऱ्याचं पाप माझ्या सहीने धुऊन निघणार नाही!"

 खरं बोलणारी माणसं ओरडतात आणि खोटं बोलणारीही ओरडतात, हे एर्केगुलला माहीत होतं. पण या मुलीच्या बोलण्यातून एकच प्रश्न वर येत होता. सहा तास चाललेलं यंत्र पाच वाजून आठ मिनिटांनी का मेलं?

३

उलारबेक गुबगुबीत, घामट चेहऱ्याचा, नव्याने बाप झालेला. त्याने बसल्या बसल्याच कबुली दिली.

"आमचं भांडण झालं होतं एजे, लपवत नाही. पॅकेजच्या दोन बांधण्या मिळतात. एक सगळ्या प्रोसेसरवर चालणारी, जरा हळू. दुसरी फक्त नव्या प्रोसेसरसाठी, जोरात पळणारी. मी म्हणत होतो, हळूवाली घे, डोक्याला ताप नको. ही ऐकेल तर शपथ! म्हणे, नवं कोरं यंत्र आणलंय ते काय बैलगाडीला जुंपायला? आठवडाभर आमचं हेच चाललं होतं."

"संचालकांसमोर?"

"छे! ते अशा गोष्टींत पडत नाहीत. त्यांना यंत्र म्हणजे डबा, एवढंच कळतं."

"शुक्रवारी आत आल्यावर काय दिसलं?"

"सर्व्हर चालू होता. पण पॅकेजचा प्रोग्राम सुरू होता होताच मरत होता. 'न समजणारी आज्ञा' असं म्हणून. मला वाटलं, फाइल बिघडली. नीट बघायला वेळ कुठे होता? दवाखाने बोंबलत होते. मी कार्डं परत मूळ प्रणालीकडे दिली आणि जुन्या रस्त्याने लाइन सुरू केली. तीच अजून चालू आहे."

"मला यंत्राची नोंदवही दाखव. शुक्रवारची."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. पाच वाजून आठ: यंत्र बंद. पाच चौतीस: यंत्र चालू.

"वीज गेली होती, असं झामिर ओस्मोनोविच म्हणाले," उलारबेक पुटपुटला.

"वीज गेली की यंत्र धाडकन पडतं. इथे तर एकेक काम आवरून, दारं लावून झोपलंय. कुणीतरी बटण दाबून झोपवलंय." एर्केगुलने चष्मा कपाळावर सरकवला. "आणि बटण दाबून यंत्र परत उठवायचं असेल तर दोन मिनिटं लागतात. ही सव्वीस मिनिटं कशाला लागली?"

 उलारबेक काही बोलणार तोच एर्केगुल उठली आणि दार उघडून तिने हाक मारली, "साइकाल, आत ये."

"तिला मनाई आहे!" बाहेरच्या बाकावरून संचालक ओरडले.

"माझ्या तपासात मनाई मी करते," एर्केगुल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

साइकालने आधी फाइलचा ठसा पडताळला. ज्यांनी पॅकेज बांधलं त्यांनी दिलेला लांबलचक आकडा एका बाजूला, या डिस्कवरच्या फाइलचा दुसऱ्या बाजूला. अक्षर न् अक्षर जुळलं. मग तिने दवाखान्यांच्या लाइनीला न लागणारं तिसरं कार्ड देऊन तोच प्रोग्राम चालवला.

'न समजणारी आज्ञा.' प्रोग्राम मेला.

 साइकालने आणखी एक ओळ टाइप केली, प्रोसेसरचं नाव विचारलं. उत्तर वाचलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली.

"फाइल तीच आहे," ती म्हणाली. "डिस्क तीच, माझ्या सगळ्या नोंदी त्याच. पण ही आज्ञा आठ वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला ठाऊकच नाही, आणि हा तर त्याहून जुना आहे. एजे, मी ज्या यंत्रावर पॅकेज बसवलं ते यंत्र हे नव्हेच!"

४

ते ऐकून आत शिरलेल्या संचालकांना दोष दुसऱ्यावर ढकलायला क्षणही लागला नाही.

"बघा! म्हणजे विकणाऱ्याने आपल्याला टोपी घातली! नव्या खोक्यात जुना माल! मी आजच त्याच्यावर तक्रार ठोकतो. आणि या बाईसाहेबांना यंत्र घेताना ते तपासता आलं नाही, ही त्यांचीच चूक."

"पण सकाळी सहा तास चाललं!" साइकाल किंचाळली.

"त्या नोंदी कुणाच्या हातात होत्या? तुझ्याच. हव्या तशा लिहिता येतात."

एर्केगुलने ओठ आवळले. माणूस हुशार होता. साइकालच्या नोंदींवर साइकालचीच साक्ष काढता येणार नव्हती. दुसरं कुणीतरी हवं होतं, ज्याला प्रोसेसर म्हणजे काय ते माहीत नाही आणि खोटं बोलून काही मिळवायचं नाही.

असं एकच माणूस इमारतीत होतं. उल्कान आपा, खालच्या मजल्यावर चहा आणि तळलेले बोर्सोक करणारी, फरशी पुसणारी म्हातारी.

"शुक्रवारी वीज गेली होती का, आपा?"

"कोण म्हणतो? मी पाच वाजता इथेच होते, अंगात कणकण होती म्हणून जेवायला गेले नाही. माझा चहाच्या पाण्याचा विजेचा समोवार सारखा रटरटत होता."

"वर कोण आलं गेलं?"

"मला इथून जिना दिसत नाही गं. मागच्या दाराशी गाडी लागल्याचा आवाज आला. कुणाची ते माहीत नाही."

"आणि ते नवं यंत्र तुम्ही पाहिलं होतं?"

म्हातारी एकदम खुलली. "पाहिलं म्हणजे? बुधवारी आलं तेव्हा मीच तूप लावलं त्याला! आमच्या घरची रीत आहे. नवी गाय असो, गाडी असो, शिलाईचं यंत्र असो, कामाला लावायच्या आधी तुपाचं बोट लावायचं. ही साइकाल माझ्यावर खेकसली, मग म्हणाली, लावा पुढच्या झाकणाला, आत लावू नका. सगळे हसत होते. साहेबसुद्धा!"

चौघं वरच्या खोलीत गेली. सर्व्हरच्या पुढच्या झाकणावर, उजव्या कोपऱ्यात, तुपाचा पिवळसर डाग होता. उल्कान आपाने वाकून वास घेतला.

"माझंच तूप. हेच यंत्र ते," ती म्हणाली.

 संचालकांनी हात पसरले, जणू देवानेच कौल दिला होता. "झालं समाधान? बुधवारी आलेलं यंत्र हेच. जुनंच आलं होतं. आता तरी त्या मुलीला सही करू द्या."

एर्केगुलचा फोन वाजला. साहेब. तिने तो वाजू दिला. तिचे डोळे म्हातारीच्या बोटांवर होते, कारण उल्कान आपा पुढून हलून मांडणीच्या मागच्या बाजूला जायला वाट शोधत होती.

"तिकडे काय आहे, आपा?"

म्हातारी ओशाळली. "रागावू नका हं. हे सगळे हसले म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण नुसतं डोक्याला तूप लावून भागतं का? शेपटीलाही लावावं लागतं. सगळे गेल्यावर मी मागे जाऊन लावलं, त्या तारा बाहेर येतात ना, त्याच्या वर. चांगलं तीन बोटं." ती मागे गेली.  मग तिचा आवाज आला, रागावलेला. "अगं बाई! कुणी पुसलं माझं तूप?"

५

एर्केगुलने सगळ्यांना खाली चहाच्या खोलीत बसवलं. तिला स्वतःच्या गुडघ्यांची काळजी होती आणि उभ्याने बोलायला तिला आवडत नसे.

"मागे पुसल्याची खूण नाही," तिने सुरुवात केली. "वर्षानुवर्षांची धूळ आहे, सगळीकडे सारखी. तूप पुसलं असतं तर धूळही गेली असती. म्हणजे त्या पाठीला तूप कधी लागलंच नव्हतं. पुढचं झाकण मात्र दोन खटके दाबले की निघून हातात येतं. बुधवारी आलेल्या यंत्राचं झाकण काढलं आणि मागच्या दाराशी लागलेल्या गाडीतून आणलेल्या जुन्याला लावलं. डिस्क काढल्या, त्याही जुन्यात घातल्या. कार्डंही तशीच हलवली. उलारबेक, एवढ्याला किती वेळ लागेल?"

"वीस-पंचवीस मिनिटं," उलारबेक म्हणाला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"सव्वीस लागली. विकणाऱ्याने जुना माल पाठवला असता, तर आपाचं तूप दोन्हीकडे सापडलं असतं. तेव्हा अदलाबदल इथेच झाली, शुक्रवारी पाच ते साडेपाचमध्ये. किल्ल्या तीन. साइकालची, उलारबेकची, संचालकांची. जेवणावळ पाच मिनिटांच्या अंतरावर. ऐंशी पाहुण्यांत कोण उठलं आणि कोण बसलं, याची शपथ कुणीच घेणार नाही. मग तिघांतला कोण?"

"उलारबेक मटणाचं पातेलं आणायला सारखा बाहेर जात होता," संचालक शांतपणे म्हणाले.

"अहो, माझंच घर ते!" उलारबेक ओरडला.

"थांब," एर्केगुल म्हणाली. "समजा, उलारबेकने यंत्र चोरलं. त्याच्या जागी जुनं ठेवलं. हा आठवडाभर साइकालशी एकाच गोष्टीवरून भांडत होता, की तिचं पॅकेज फक्त नव्या प्रोसेसरवर चालतं. मग जुनं यंत्र ठेवताना त्याने काय केलं असतं?"

उलारबेकचा चेहरा हळूहळू उजळला. "हळूवाली बांधणी बसवली असती. पाच मिनिटांचं काम! लाइन दहा मिनिटांत उठली असती आणि वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता."

"साइकाल चोर असती तर तिनेही तेच केलं असतं. या दोघांनाही ही चोरी पचवता आली असती. पचली नाही, कारण करणाऱ्याला पॅकेज म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, डिस्क हलवल्या म्हणजे सगळं हलवलं. एका घोड्याचं खोगीर काढून दुसऱ्यावर टाकलं की तोही तसाच पळेल." ती वळली. "तीन किल्लीवाल्यांत यंत्राला नुसता डबा समजणारा एकच आहे, झामिर ओस्मोनोविच. लाइन उठेना तेव्हा तुमचे हातपाय गार पडले. अकरा मिनिटं तुम्ही एकटेच झटापट करत बसलात. पावणेसहाला उलारबेकला बोलावलंत, साइकालची किल्ली काढून घेतलीत, कारण आत येऊन तिने प्रोसेसरचं नाव विचारलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. आणि उलारबेक लाइन जोडत असताना तुम्ही तिचा खुलासा टाइप करत होतात."



"यंत्र कुठे आहे?" साइकालने विचारलं. तिचा आवाज थंड होता.

संचालकांनी रुमालाने मान पुसली.  मग ते खुर्ची पुढे ओढून, घरच्या माणसांशी बोलावं तसं बोलू लागले.

"मेहुण्याच्या कंपनीत. त्याला सोमवारपासून नवं काम मिळणार होतं, चांगलं यंत्र दाखवायचं होतं. दोन महिन्यांसाठी फक्त. परत आणणारच होतो." त्यांनी साइकालकडे पाहिलं. "हे बघ, उद्या सकाळी यंत्र इथे असेल. खुलाशातून तुझं नाव काढतो. 'तांत्रिक बिघाड', एवढंच लिहू. तुला बढती. उलारबेकला घराची चावी. कुणाचंच नुकसान नाही. गेलेला पाय कुणी परत आणणार आहे का? एर्केगुल एजे, तुमच्या साहेबांनाही हेच हवंय, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. फोन तिसऱ्यांदा वाजत होता. या वेळी तिने तो उचलला.

"झालं का?" साहेब म्हणाले. "खुलासा मिळाला?"

एर्केगुलने त्यांना लाइनवर थांबायला सांगितलं आणि साइकालकडे पाहिलं. या मुलीला कुणी काही सुचवावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी टेलिफोन केंद्रात तिला सगळ्यांनी सुचवलं होतं.

साइकालने टाइप केलेला कागद उचलला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"तुम्हाला माझा खुलासा हवा होता ना?" ती संचालकांना म्हणाली. "चार दिवस मागताय. घ्या, लिहिते! यंत्र कुणी नेलं, कुठे नेलं, लाइन कुणी बंद केली, माणूस रक्तात न्हाऊन पडला होता तेव्हा तुम्ही काय टाइप करत होतात, सगळं लिहिते. बढती तुमच्या मेहुण्याला द्या."

"पोरी, तुला या गावात पुन्हा काम मिळणार नाही!"

"नको मिळू दे. मेंढ्या राखीन."

ती लिहीत राहिली. पाठची बाजू भरली तेव्हा दुसरा कागद घेतला, दीड पान झालं. खाली तिने मोठ्या अक्षरांत सही केली. एर्केगुलने कागद आपल्याकडे ओढला, तिच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपलं नाव घातलं, आणि मग फोन कानाला लावला.

"मिळाला खुलासा," ती साहेबांना म्हणाली. "दोन सह्या आहेत त्याच्यावर. एक माझी. नाही साहेब, ती पुसता येणार नाही. मी थेट सरकारी वकिलाकडे जाते आहे."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता साइकालने डोंगरातल्या दवाखान्याला फोन लावला. एर्केगुल शेजारी बसून होती. यंत्राचा पंचनामा झाला होता, संचालकांना चौकशीला नेलं होतं, आणि एर्केगुलला साहेबांनी बडतर्फ करायची धमकी एकदा देऊन झाली होती.

"ताबिल्दी बाइके? मी साइकाल बोलतेय, नारिनहून."

 पलीकडून जाड, थकलेला आवाज आला. "तूच ना ती, जिच्यामुळे लाइन गेली म्हणतात?"

"म्हणतात. म्हणूनच फोन केला. कुणामुळे गेली ते तुम्हाला सांगायचंय. सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं."

तिने सगळं सांगितलं. गुळमुळीत काही ठेवलं नाही.   शेवटी त्याने विचारलं, "तू सही केली नाहीस त्या कागदावर?"

"नाही केली."

"धमक्या दिल्या असतील."

"दिल्या. अजून देतील. खटला उभा राहिला तर माझ्या बाजूने बोलायला फार माणसं नसतील, बाइके. एजे आहेत, उलारबेक आहे, एक म्हातारी आहे. समोर मोठी माणसं आहेत."

पलीकडे कुणीतरी त्याला पडून राहायला सांगत होतं. त्याने त्या माणसाला एक सणसणीत शिवी हासडली.

"तारीख कळव," ताबिल्दी म्हणाला. "मी येतो. गाडीबिडी पाठवू नकोस, मी घोड्यावरून येणार. कोर्टाच्या पायरीपर्यंत. बघू दे सगळ्यांना एका पायाने कसं बसतात ते."